बैठकीसाठी दोनशे किलोमीटर

सोयगाव हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा उत्तर टोकाचा तालुका. अजिंठ्याच्या डोंगररांगेखाली, खानदेशाच्या बाजूला उतरलेला. बाजारहाट, सोयरीक आणि दवाखाना यांसाठी इथल्या माणसाला जळगाव आणि पाचोरा जवळचे. जिल्ह्याचे ठिकाण मात्र घाट चढून, अजिंठा, सिल्लोड आणि फुलंब्री ओलांडून शंभराहून अधिक किलोमीटरवर. सरकारी काम नकाशातल्या हद्दीप्रमाणे चालते. म्हणून आढावा बैठकीची नोटीस आली की तालुक्याचा अधिकारी सकाळी सहा-सातला जीपमध्ये बसतो, दोन तासांच्या बैठकीत त्याच्या वाट्याला दहा मिनिटे येतात आणि तो परततो तेव्हा दिवेलागण झालेली असते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, असा हा हिशेब.

हा मसाला नेमका किती पडतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. डिझेल, पैसा आणि धूर यांचा हिशेब सहज मांडता येतो. त्यात न दिसणारा चौथा खर्च मात्र सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे दवाखान्यातून वजा झालेला डॉक्टरचा दिवस. ऑनलाइन बैठकीची चर्चा बहुधा मोठ्या कंपन्यांच्या विमानप्रवासापुरती होते. तिची खरी गरज सोयगावसारख्या तालुक्याला अधिक आहे, कारण इथे एक डॉक्टर रस्त्यावर असला तर त्याच्या जागी बसायला दुसरा सहसा नसतो.

एका जीपचा हिशेब

सोयगावहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन २२० किलोमीटर धरू. सरकारी जीप लिटरला बारा किलोमीटर देते असे मानले, तर साधारण १८ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपयांच्या आसपासचा दर धरला तर सुमारे १,६५० रुपये होतात. एक लिटर डिझेल जळले की जवळपास २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका माणसाच्या एका बैठकीपायी ४९ किलो. इंधनाच्या वजनापेक्षा धुराचे वजन जास्त कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. इंधनातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो, म्हणून वजन वाढते.

आता जिल्हा पाहू. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. मुख्यालयाचा तालुका सोडला तर उरतात आठ : खुलताबाद, फुलंब्री, सिल्लोड, सोयगाव, कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि पैठण. काही जवळ, काही दूर. सरासरी ५५ किलोमीटर धरले तर एका बैठकीला आठ गाड्या मिळून ८८० किलोमीटर धावतात, सुमारे ७३ लिटर डिझेल पितात आणि १९६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतात. महिन्याला अशी एकच बैठक धरली, तरी वर्षाला दहा हजारांहून अधिक किलोमीटर, ८८० लिटर डिझेल, जवळपास ७९ हजार रुपये आणि २.३ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. सरासरी भारतीय माणूस सगळ्या कारणांनी मिळून वर्षाला जितका कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तो सुमारे २ टन आहे. एका खात्याची एक मासिक बैठक त्याच्याही पुढे जाते. आरोग्य, महसूल, ग्रामविकास, शिक्षण, कृषी, महिला व बालविकास अशी दहा खाती धरली तर आकड्यापुढे एक शून्य वाढवायचे.

वेळेचे गणितही असेच आहे. प्रत्येकाचा सरासरी तीन तासांचा प्रवास धरला, तर एका बैठकीमागे आठ अधिकाऱ्यांचे २४ तास रस्त्यावर जातात. वर्षाकाठी २८८ तास, म्हणजे आठ तासांचे ३६ कामाचे दिवस. चालकांचे तेवढेच दिवस वेगळे.

हे आकडे मानलेल्या सरासरीवर काढलेले आहेत. गाडी जुनी असेल तर डिझेल वाढेल, चारजण एकत्र गेले तर माणशी खर्च घटेल. पण प्रत्येक सरकारी गाडीचे लॉगबुक असते आणि त्यात किलोमीटर, इंधन आणि प्रवासाचे कारण लिहिलेले असते. ज्याला अचूक आकडा हवा आहे त्याने नवे सर्वेक्षण करायची गरज नाही, लॉगबुकांची बेरीज करायची आहे.

व्हीसीलाही वीज लागते

यावर एक रास्त शंका घेतली जाते. व्हिडिओ कॉललाही वीज लागते, सर्व्हर लागतात. मग धूर नुसता इथून तिथे सरकला, एवढेच नाही का? अमेरिकेतल्या पर्ड्यू, येल आणि एमआयटी या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२१ मध्ये याचा अंदाज दिला. तासाभराच्या व्हिडिओ कॉलमागे १५० ते १,००० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे त्यांचे म्हणणे. युरोपातले काही अंदाज याहूनही कमी आहेत. वरचा, सर्वांत वाईट आकडा घेतला तरी आठ ठिकाणांहून दोन तासांची बैठक १६ किलोच्या आत बसते. गाड्यांचे १९६ किलो त्याच्या बारा पटींहून जास्त. त्याच संशोधकांच्या हिशेबाने कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर बोलले, तर व्हिडिओ कॉलचा भार ९६ टक्क्यांनी घटतो. बोलणाऱ्याचा कॅमेरा चालू आणि ऐकणाऱ्यांचा बंद, एवढी शिस्तही पुरेशी आहे. त्याने सोयगावच्या बेभरवशाच्या रेंजवरचा ताणही कमी होतो.

मोठ्या परिषदांचे चित्र याहून ठसठशीत आहे. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार व्यावसायिक परिषद पूर्णपणे ऑनलाइन नेली तर तिचा कार्बनभार ९४ टक्क्यांनी घटतो. निम्म्याहून अधिक लोक प्रत्यक्ष येणार असले, पण त्यांना एकाच शहरात न बोलावता जवळजवळच्या केंद्रांवर जमवले, तरी भार दोन तृतीयांशांपर्यंत कमी करता येतो. यातला दुसरा निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. सगळे ऑनलाइन किंवा सगळे प्रत्यक्ष, असे दोनच पर्याय नसतात.

आरोग्य खात्याला या हिशेबापासून अंग काढून घेता येणार नाही. जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के आरोग्यसेवेतून येतात, असा २०१९ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने आपला हिशेब मांडला तेव्हा दिसले की देशातल्या एकूण रस्ते वाहतुकीपैकी सुमारे ३.५ टक्के वाहतूक रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी आणि पुरवठादार यांची, म्हणजे आरोग्यसेवेपायी होणारी आहे. आपल्याकडे हवामान बदल आणि मानवी आरोग्य असा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे. उष्माघाताचे रुग्ण मोजणाऱ्या खात्याने आपल्या गाड्यांचे डिझेलही मोजावे, यात अवघड असे काही नाही.

प्रवासाचा आजार

डिझेलच्या धुराचा संबंध हवामानाइतकाच थेट फुप्फुसांशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. हा धूर सर्वाधिक भोगतो तो रस्त्याकडेचा माणूस : टपरीवाला, वाहतूक पोलीस, शाळेत पायी जाणारी मुले आणि स्वतः गाडीचा चालक.

दुसरा धोका अपघाताचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत महाराष्ट्रातली १५ हजारांहून अधिक होती. छत्रपती संभाजीनगर ते जळगाव हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ अनेक वर्षे रखडलेल्या रुंदीकरणामुळे खड्डे, धूळ आणि वळणमार्ग यांसाठीच ओळखला गेला. पावसाळ्यात अजिंठ्याचा घाट उतरणे, तेही दिवसभराच्या बैठकीनंतर अंधारात, हा काही सुखाचा प्रवास नाही. टाळता येणारा प्रत्येक किलोमीटर हा टाळता येणारा धोकाही असतो. पाठदुखी, चुकलेले जेवण, मधुमेही कर्मचाऱ्याची राहिलेली गोळी आणि तासन्‌तास लघवी दाबून बसणाऱ्या महिला अधिकाऱ्यांना होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हे या प्रवासाचे किरकोळ समजले जाणारे आजार. दवाखान्यात ते दिसतात, प्रवास भत्त्याच्या बिलात मात्र त्यांची नोंद नसते.

डॉक्टरचा दिवस

प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारणपणे दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे असतात. त्यातले एक रिकामे असले, किंवा एकाने रात्री बाळंतपण करून सकाळी डोळे मिटले असले आणि दुसरा बैठकीला गेला, तर त्या दिवशीची ओपीडी परिचारिका आणि औषध निर्माता चालवतात. ताप आणि खोकला निभावून जातो. पण चक्कर येणाऱ्या गरोदर बाईचा रक्तदाब १६० च्या वर असेल, शेतात फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर आला असेल किंवा साप चावलेले पोर असेल, तर डॉक्टर असणे आणि नसणे यात जीवाचे अंतर असते. सोयगाव हा कापसाचा तालुका आहे. फवारणीच्या आणि सापाच्या हंगामात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, साथरोगांच्या आढावा बैठकाही वाढतात. ज्या दिवसांत डॉक्टर जागेवर हवा, त्याच दिवसांत त्याला रस्त्यावर काढले जाते.

बैठकीत असते तरी काय? लसीकरण, संस्थात्मक प्रसूती, क्षयरोगाचे रुग्ण, साथरोगांच्या नोंदी, खर्चाची टक्केवारी. यातला बहुतेक मजकूर बैठकीच्या आधीच संगणकावर चढलेला असतो. क्षयरोगाचा आकडा ‘निक्षय’वर, साथरोगांचा ‘आयएचआयपी’वर आणि रुग्णालयाचा ‘एचएमआयएस’वर असतो. वरिष्ठांना तो आपल्या टेबलावर दिसतो. मग तोच आकडा छापून, फाइलमध्ये लावून, शंभर किलोमीटर नेऊन वाचून दाखवायचा आणि ‘काम कमी आहे’ हे ऐकून परत यायचे, यात नवे काही कळत नाही. ज्या गोष्टीवर खरोखर बोलायला हवे ती, म्हणजे काम कमी का झाले, त्या दहा मिनिटांत बसत नाही.

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, हे सारे एका फटक्यात बदलले होते. तालुक्यातूनच व्हीसी होऊ लागल्या. व्यवस्था काही तेव्हा नव्याने जन्मली नव्हती. जिल्हाधिकारी कार्यालयांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या व्हीसीच्या खोल्या आधीपासून होत्या. पंतप्रधान राज्यांच्या मुख्य सचिवांशी मोठ्या प्रकल्पांबद्दल पडद्यावरून बोलतात, तो ‘प्रगती’ उपक्रम मार्च २०१५ पासून आहे. दिल्ली आणि मुंबई यांच्यात जे चालते ते छत्रपती संभाजीनगर आणि सोयगाव यांच्यात चालायला हरकत नसावी. पण साथ ओसरली आणि बऱ्याच ठिकाणी ये रे माझ्या मागल्या झाले. प्रत्यक्ष हजर राहिला तो प्रामाणिक, व्हीसीवर दिसला तो टाळाटाळ करणारा, ही समजूत पुन्हा रुजली.

न्यायालयाने हे आधीच ओळखले

हजेरी म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोन दशकांपूर्वीच आला होता आणि तो महाराष्ट्रातून, तोही एका वैद्यकीय खटल्यातून गेला होता. मुंबईतल्या त्या खटल्यात न्यूयॉर्कच्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती. भारतात यायला तो तयार नव्हता, पण व्हिडिओवरून साक्ष द्यायला त्याची तयारी होती. एप्रिल २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी साक्ष ग्राह्य धरली. पडद्यावर समोरासमोर दिसणारा आणि उलटतपासणीला उत्तर देणारा साक्षीदार कायद्याच्या दृष्टीने हजरच आहे, असा त्या निकालाचा आशय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याला स्पष्ट जागा दिली आहे.

सरकारी डॉक्टरांसाठी याचे मोल मोठे आहे. शवविच्छेदन केलेला किंवा जखमांचा दाखला दिलेला डॉक्टर तीन वर्षांनी बदलून जातो, खटला पाच-सात वर्षांनी उभा राहतो. मग दूरच्या जिल्ह्यातून येऊन पंधरा मिनिटांची साक्ष द्यायची, आणि तारीख पुढे गेली तर पुन्हा यायचे. जिथे साक्ष व्हिडिओवरून होते तिथे त्याच डॉक्टरची दोन दिवसांची ओपीडी वाचते आणि फिर्यादीलाही तारीख वाया गेल्याचा फटका बसत नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचा फैसला करणारी साक्ष पडद्यावरून चालते, तर लसीकरणाची टक्केवारी का चालू नये?

रुग्णाचा फेरा

अधिकाऱ्याचा प्रवास सरकारी पैशाने होतो. रुग्णाचा प्रवास त्याच्या स्वतःच्या खिशातून. म्हणून ऑनलाइनचा खरा लाभ रुग्णापर्यंत गेला पाहिजे. बनोटी किंवा सावळदबारा भागातला माणूस ‘घाटी’ रुग्णालयात नुसता रिपोर्ट दाखवायला जातो, तेव्हा त्याची आणि सोबतच्या नातेवाइकाची अशा दोन मजुऱ्या बुडतात. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, पंच्याहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे. तरी बुडालेला दिवस परत मिळत नाही.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. कोणती औषधे कॉलवर लिहून देता येतील, कोणती नाही, हे त्यात ठरलेले आहे. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्यासाठी सुरू झाली होती. एप्रिल २०२० मध्ये ती थेट रुग्णांसाठीही खुली झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून १० कोटी सल्ले झाले. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून, रक्तदाब आणि साखर मोजून वरच्या डॉक्टरशी जोडून देतो, ही तिची सर्वांत उपयोगी रीत. रुग्णाला फोन हाताळता येण्याची गरज उरत नाही. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. ज्या आजारासाठी गावातला माणूस एरवी दवाखान्याची पायरी चढत नाही, त्यासाठी तर तो अधिकच महत्त्वाचा.

दुरून शिकवून उपचार घडवता येतात, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात काविळीच्या ‘हिपॅटायटिस सी’ या प्रकाराच्या रुग्णांना विद्यापीठाच्या दवाखान्यात येण्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागे. तिथले भारतीय वंशाचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये उलटा मार्ग काढला. रुग्णाला शहरात आणण्याऐवजी त्यांनी खेड्यातल्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर जमवले आणि त्यांच्याच रुग्णांवर चर्चा करत त्यांना शिकवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत विद्यापीठात बरे झालेले रुग्ण ५७.५ टक्के, तर खेड्यापाड्यांत बरे झालेले ५८.२ टक्के होते. म्हणजे फरक नाही. बैठक कशासाठी असावी, याचा हा वस्तुपाठ आहे. तिथे पडद्यावर अधिकारी मातहताला झापत नव्हता, जाणता डॉक्टर शिकणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी बसत होता.

पडद्याला जमत नाही ते

ऑनलाइन म्हणजे सगळ्यावर रामबाण, असे मात्र नाही. पोट दुखणाऱ्या माणसाच्या पोटावर हात ठेवावाच लागतो. बाळाला श्वास द्यायला शिकवायचे तर पुतळ्यावर हात चालवून शिकवावे लागते. औषधसाठ्याच्या खोलीला ओल आहे की नाही आणि प्रसूतिगृहातला दिवा लागतो की नाही, हे पाहायला वरिष्ठाने तिथे यावेच लागते. पडद्यावरून दवाखाना नेहमीच स्वच्छ दिसतो.

विचारांचेही तसेच. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे आढळले की व्हिडिओवरून जोडलेल्या जोड्यांना नव्या कल्पना कमी सुचतात, कारण नजर पडद्यावर खिळते आणि विचारही आकसतो. सुचलेल्या कल्पनांतून योग्य ती निवडण्यात मात्र त्या मागे पडत नाहीत. यातून कामाची वाटणी सरळ होते. आकड्यांचा आढावा, निर्णय आणि सूचना पडद्यावर. नवी योजना आखणे, दोन खात्यांतले भांडण मिटवणे आणि हाताने शिकवणे समोरासमोर.

ऑनलाइन बैठकीचा स्वतःचा एक रोगही आहे. ती फुकट वाटते, म्हणून वाढत जाते. महिन्याच्या एका बैठकीच्या जागी आठवड्याला तीन व्हीसी होतात, सायंकाळी सातची नोटीस साडेसहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पडते, रविवारही सुटत नाही. मान आखडते, डोळे कोरडे पडतात, समोर रुग्ण बसलेला असताना डॉक्टरच्या एका कानात बैठक चालू असते. रुग्णाचे अर्धवट ऐकणारा डॉक्टर हा जागेवर नसलेल्या डॉक्टरइतकाच धोक्याचा. प्रवासाचे तीन तास वाचवून बैठकांचे सहा तास वाढवले तर डिझेल वाचले, दिवस गेलाच.

खर्च कुणाच्या अंगावर पडतो, हेही पाहावे लागेल. अधिकाऱ्याच्या व्हीसीसाठी कार्यालयाचे इंटरनेट असते. आशा कार्यकर्तीला मात्र तेच काम स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर, भाकरी थापता थापता करावे लागते. सरकारचे डिझेल वाचले आणि आशाचा डेटा संपला, तर याला बचत म्हणता येणार नाही. शिवाय महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात जमणे हा तिच्यासाठी चार मैत्रिणींशी बोलण्याचा आणि अडचण वरपर्यंत पोचवण्याचा प्रसंग असतो. तिची बैठक प्रत्यक्षच राहू द्यावी आणि तिच्या प्रवासाचे पैसे वेळेवर द्यावेत.

काय करता येईल

यासाठी नवी योजना, नवे अ‍ॅप किंवा मोठा निधी लागत नाही. काही नियम पाळले तरी भागेल. बैठकीच्या प्रत्येक नोटिशीत एक ओळ सक्तीची करावी : ही बैठक प्रत्यक्ष का घ्यायची आहे? कारण लिहिता आले नाही तर ती व्हीसीवर घ्यावी. व्हीसी दुपारी ओपीडी संपल्यावर, पाऊण तासाची आणि आठवड्याला ठरलेल्या एकाच दिवशी असावी. जो आकडा पोर्टलवर आहे तो बैठकीत वाचू नये, जो अडला आहे त्यावरच बोलावे. रेंज गेली म्हणून कुणाला गैरहजर धरू नये. फोनवरचे बोलणेही हजेरी मानावी.

प्रत्यक्ष बैठक खरोखर लागणार असेल तेव्हा गाड्या जोडाव्यात. सोयगाव, सिल्लोड आणि फुलंब्री हे तालुके एकाच रस्त्यावरचे. एकाच बैठकीला एकाच दिवशी तीन जीप मागेपुढे धावतात, हे डोळ्यांनाही खटकावे. आरोग्य आणि बालविकास यांच्या बैठका एकाच दिवशी ठेवल्या तर एका फेऱ्यात दोन कामे होतात. आणि तीन महिन्यांतून एकदा जिल्ह्याच्या वरिष्ठांनी सोयगावला यावे. तेव्हा आठ गाड्यांऐवजी एकच गाडी धावेल, आणि ती जिथे पोचेल तिथे पाहण्यासारखे, दुरुस्त करण्यासारखे बरेच काही असेल. प्रवास कमी करणे याचा अर्थ तालुका एकटा पाडणे नव्हे.

शेवटी मोजमाप. दर तिमाहीला प्रत्येक खात्याने बैठकांपायी किती किलोमीटर धावले आणि किती डिझेल जळले, हे लॉगबुकांतून काढून जाहीर करावे. त्याच कागदावर आणखी एक रकाना असावा : या काळात कोणत्या आरोग्य केंद्रात किती दिवस ओपीडीला डॉक्टर नव्हता. पहिला आकडा घटला आणि दुसरा तसाच राहिला, तर व्हीसीचा उपयोग झाला नाही असे समजावे. दोन्ही घटले, तर वाचलेले डिझेल राज्याच्या तिजोरीत, न सुटलेला धूर सर्वांच्या फुप्फुसांत आणि वाचलेला दिवस सोयगावच्या रुग्णाच्या नावे जमा झाला, असे म्हणता येईल.